एव्हेलिओच्या मागे मी

३ ऑगस्ट, शनिवार

झालं एकदाचं! आज सकाळी अकरापासून मी मातान्सासची झाले. होल्गीनच्या माझ्या दीड खोलीच्या बदल्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, समुद्राचा तुकडा दिसणारी गॅलरी आणि न गळणारं छत. घरांच्या अदलाबदलीत एवढं नशीब फळफळलेलं मी तरी कुणाचं पाहिलं नाही. एरवी आपल्याकडे सहा-सहा महिने एकमेकांच्या भिंती ठोकून बघतात, संडासात पाणी ओतून बघतात आणि शेवटी पडद्यांच्या दांड्यांवरून भांडून सौदा मोडतात. एव्हेलिओ म्हाताऱ्याने माझं घर येऊन पाहिलंसुद्धा नाही. खालच्या शेजारणीच्या फोनवरून निरोप पाठवला, भिंती चार आहेत ना, मग पुरे.

मी पोचले तेव्हा तो पेटी घेऊन स्टुलावर तयारच बसला होता. पण उठेना. राउटरचं काम झाल्याशिवाय जाता येत नाही म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला एक पिवळा पडलेला राउटर टांगलेला आहे, त्याचा एक कान दोऱ्याने बांधलेला. या गल्लीत लोकांनी गच्चीवरून गच्चीवर वायरी ओढून आपलं आपलं नेटवर्क केलंय. त्यातून बाहेरच्या जगात जाता येत नाही, पण सिनेमे, खेळ, निरोप घरोघर फिरतात. माझा फोन यादीत नीट नोंदवला की मी चाललो, असं त्याचं म्हणणं. मला हसू आलं. सात वर्षं मी मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर काढली, सोमवारपासून इथल्या दुकानात तेच काम करणार, आणि हा मला राउटर शिकवतोय!

राउटरचं पान उघडलं. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. राउटरच्या स्वतःच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १. घरातल्या फोनांना वाटायचे पत्ते २ ते ६, बस्स. मी म्हटलं, आजोबा, एवढे चिमूटभर? लोक दोनशे ठेवतात. म्हणाला, पुरतात. खाली कायमच्या पत्त्यांची यादी होती: २ ऑर्तेन्सिया, ३ बाल्दोमेरो, ४ निविया, ५ एव्हेलिओ. ६ समोरची ओळ मोकळी. म्हाताऱ्याने जुन्या फोनांना माणसांची नावं दिली असतील असं वाटलं. मग त्याने एकदम मान खाली घालून विचारलं की, पोरी, रांगेत शिरताना आपण काय म्हणतो?

मी थट्टेनेच विचारलं, शेवटचं कोण? त्याने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. मग मीही झोकात म्हटलं, एव्हेलिओच्या मागे मी! आणि सहाव्या ओळीत नाव टाकलं: इदाल्मिस. सेव्ह.

म्हातारा ढसाढसा रडला. माझे दोन्ही हात चुंबले, माफ कर म्हणाला, आणि सत्तरीतला माणूस जिना असा उतरला की मला त्याच्या गुडघ्यांची काळजी वाटली. पेटी इथेच विसरला.

माझ्या लेकीला, लेयानिसला, हे सांगितलं की लोळून हसेल. सहा वर्षांची झाली, पण रांगेचे नियम तिला पाढ्यांआधी पाठ. मीच शिकवलेत. गेल्या गेल्या विचारायचं, शेवटचं कोण. हात वर करेल त्याच्या मागे आपण. मागे दुसरं कुणी येईपर्यंत जागा सोडायची नाही. ते आलं की आपण मोकळे, खुशाल सावलीत जाऊन बसा. कुणीच उत्तर दिलं नाही तर 'तर मग मी!' असं ठणकावून सांगायचं. रांग कशाची ते मागाहून विचारलं तरी चालतं. पोरगी हल्ली न्हाणीघराच्या दारातही विचारते. आणि आमच्या मातोश्रींनी वर आपला एक नियम जोडलाय: आतून 'संपलं, घरी जा' असं ओरडले की मुळीच हलायचं नाही, खरा माल तेव्हाच मागच्या दाराने निघतो. एकदा अशाच हटून बसल्या आणि दोन कोंबड्या घेऊन आल्या. तेव्हापासून त्यांना कोण बोलणार!

दोघी हिबारात आहेत, आईच्या घरी. सतराला बसने येतील. तोवर घर आरशासारखं करते.

४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर झाडू आणि फडकं. गॅलरीत दोरीला बांधलेली टोपली मिळाली. खालच्या मजल्यावरची सोराइदा खिडकीतून कॉफी विकते, ती टोपलीत ठेवते, आपण वर ओढायची. राणीसारखं वाटलं. पाव, केळ्यांचे काप, सगळं टोपलीतून आलं, जिना उतरायची वेळच आली नाही.

सोराइदा पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बोलायला गोड. म्हणाली, एव्हेलिओ काल जिना उतरला तो अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, पुरुषांना टोपली मिळाली की ते पलंगावरूनही उतरणार नाहीत. ती हसली नाही. तिने विचारलं, यादीत तुझं नाव घातलंस ना? घातलं म्हटल्यावर तिने छातीवर हात ठेवला आणि बरं झालं बाई म्हणाली.

आईला घराचे फोटो पाठवले, जाईनात. फोनही लागेना. सोराइदाकडे घरचा फोन आहे, तिला आईचा नंबर दिला. ती कळवेल.

एव्हेलिओची पेटी उघडली, पाठवून द्यावी म्हणून. आत काही नाही. चिंधीसुद्धा नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

हे शांतपणे लिहायचं ठरवलंय.

साडेसातला निळा ब्लाउज घालून निघाले. पहिलाच दिवस, उशीर नको. दाराला कुलूप लावलं, जिना उतरले. बावीस पायऱ्या. खाली रस्त्याचं दार, हिरवं, त्याला पितळी कडी. ओढलं, पाय बाहेर टाकला. आणि मी माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. समोर माझाच धुतलेला कप. डोक्यावर राउटर, त्याचे दिवे लुकलुकतायत.

वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. साखर खाल्ली. पुन्हा उतरले. पुन्हा कप. तिसऱ्यांदा पायऱ्या मोठ्याने मोजत उतरले, कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली, उंबरा ओलांडताना डोळे उघडे ठेवले. कडी हातातून निसटली नाही, पण ती स्वयंपाकघराच्या दाराची कडी होती.

सोळा वेळा गेले. निळा ब्लाउज घामाने भिजलाय. नोकरी गेली बहुधा. ते जाऊ दे, मला बाहेर जायचंय.

६ ऑगस्ट, मंगळवार

रडून झालं. आता कामाला लागते. बिघाड आहे, मग कारण असणारच. मी हेच तर करत आले.

राउटरचं पान उघडलं. सहाव्या ओळीतलं माझं नाव पुसलं, सेव्ह केलं. पान पुन्हा आलं तेव्हा नाव तिथेच. पत्त्यांची मर्यादा २ ते २०० केली. पुन्हा २ ते ६. राउटरचा पत्ताच बदलून पाहिला, नवा घेतला नाही. शेवटी केसातली पिन काढून मागच्या बारीक भोकात दाबली, तीस मोजले. याने भल्याभल्या राउटरांची आठवण पुसते. दिवे विझले, पेटले. यादी तशीच. फक्त माझ्या नावापुढे एक शब्द आला होता, जो आधी नव्हता: शेवटची.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच म्हटलं ना, त्याच्या मागे मी.

७ ऑगस्ट, बुधवार

दुपारी वीज गेली. पूर्ण गल्लीची. पंखा थांबला, सोराइदाचा रेडिओ थांबला. राउटरचे दिवे चालू.

वायर काढली. चालू. खिळ्यावरून उतरवून पाण्याच्या बादलीत बुडवला. पाण्यातही चालू. गॅलरीतून रस्त्यावर भिरकावला. फुटल्याचा आवाज नीट ऐकला. वळले तर खिळ्यावर होता, कानाला तोच दोरा.

गॅलरीतून ओरडून पाहिलं. रस्त्यावरून दोन बायका गेल्या, पाववाला सायकलवरून गेला, दोरीच्या उड्या मारत पोरी गेल्या. एकानेही मान वर केली नाही. घसा बसला माझा.

फक्त सोराइदाने खिडकीतून वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज तिला बोलती केली. कॉफी नको, आधी सांग म्हटलं, नाही तर ही टोपली तुझ्या डोक्यात घालते.

तिने सांगितलं ते असं. राउटरचं वायफाय तिच्या खिडकीपर्यंत पोचतं, तिथवर माझा आवाज जातो. पुढे नाही. आतल्या आत सगळं पोचतं, बाहेर काही नाही. आधी इथे ऑर्तेन्सिया राहायची, मग बाल्दोमेरो आला, मग निविया, मग एव्हेलिओ. प्रत्येकाने घर बदलून मागचा माणूस आणला. शेवटच्याला जागा सोडता येत नाही, एवढाच नियम. मागे कुणी उभं राहिलं की तो मोकळा, गावभर फिरावं. पण रांगेतून नाव निघत नाही.

मी विचारलं, रांग कशाची आहे? ती म्हणाली, कुणीच विचारलं नाही गं.

मग तिने आपला फोन खिडकीतून दाखवला. अकरा वर्षं हे नेटवर्क तिला विचारतंय, जोडायचं का, जोडायचं का. दर सकाळी ती नाही दाबते. म्हणाली, वरच्या मजल्यावर कुणी नसलं की ते सारखं विचारतं, इदाल्मिस, झोपू देत नाही. म्हणून मी कॉफी पाठवते. वरती माणूस टिकला पाहिजे.

मला तिचा राग आला आणि कीवही आली. मी फक्त एक मागितलं. आईला फोन कर. सांग, येऊ नका. घर वाईट निघालं, मी आजारी आहे, मेले, काहीही सांग. लेयानिसला या दारात आणू नका.

तिने देवमातेची शपथ घेतली.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दुसरी ओळ रिकामी.

ऑर्तेन्सिया नाही. बाल्दोमेरोच्या नावापुढे शब्द आलाय: पुढचा. दुकानात काउंटरमागून ओरडतात तसा.

सोराइदाला विचारलं. ऑर्तेन्सिया मुलीकडे राहायची, कार्देनासला. काल भर दुपारी अंगणात डुलत्या खुर्चीत बसली होती. मुलगी पाणी आणायला आत गेली. परत आली तेव्हा खुर्ची डुलत होती आणि खाली चपला होत्या. एवढंच.

मी पत्त्यांची मर्यादा पाहिली. मी हात लावलेला नाही. देवाशपथ लावलेला नाही.

२ ते ७.

पुढे एक गेलं, मागे एक जागा झाली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सातवी ओळ मोकळी आहे. तिच्यात कर्सर लुकलुकतो. फोन बंद केला तरी दिसतो.

एक गोष्ट लिहिते, लाज वाटते तरी. आज मला वाटलं, कुणीतरी यावं. कुणीही. गॅसवाला, नळवाला, वाट चुकलेला माणूस. त्याने विचारावं आणि मी हात वर करावा. एव्हेलिओला शिव्या देत होते इतके दिवस. अकरा वर्षांनी मीही पेटी घेऊन स्टुलावर बसेन का?

बसेन. मला माहीत आहे, बसेन.

पण माझी पोर नाही. बाकी काहीही, ती नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सोराइदा खिडकीत येत नाही. टोपली रिकामी वर येते.

तिसऱ्या ओळीत बाल्दोमेरो अजून आहे. दर तासाला बघते. नाव फिकट होतंय.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सोराइदा आली! म्हणाली, फोन झाला, तुझी आई समजूतदार आहे, नाही येणार. पेरूच्या वडीची पॅटिस पाठवली, गरम. मी रडत रडत तीन खाल्ली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लाजली असेल.

नाही येणार. नाही येणार. आता इथे शंभर वर्षं बसेन. लेयानिस हिबारात खेकडे पकडेल, मोठी होईल, मला शिव्या देईल. देऊ दे.

१७ ऑगस्ट, शनिवार

सकाळ, पावणेदहा. खाली आईचा आवाज.

आईचाच. सोराइदाला विचारतेय, ताप उतरला का माझ्या इदाल्मिसचा. सोराइदाने ताप सांगितलाय. लवकर या असं सांगितलंय —

गॅलरीत धावले. ओरडले, वर येऊ नका! सोराइदा खिडकीतून वर बघत रडत होती. म्हणाली, मला माफ कर, सातवी जागा मोकळी झाल्यापासून नेटवर्क मला रात्रंदिवस विचारतंय. आणि म्हणाली, पोर लहान आहे, तिला घरात बसायची सवय होईल, तू मोकळी झालीस की तिला बघशील —

हिरवं दार वाजलं. आत आल्या. आता आतल्या आत. आता ऐकू जाईल.

दाराला आतून कडी घातली. टेबल लावलं. ओरडले, आई, तिला घेऊन जा, आत्ता, घरात भयंकर काही आहे! आई म्हणाली, ताप डोक्यात गेलाय गं पोरीच्या. वर येतायत. पायऱ्या. पाच. सहा. लेयानिस मोजतेय मोठ्याने, मीच शिकवलं मोजायला —

वीस. एकवीस. बावीस.

दारापाशी आहे. तिचा श्वास ऐकू येतो. फटीतून तिच्या लाल सँडल दिसतायत.

तिला खेळ वाटतोय. दार वाजवून विचारतेय, हसत हसत. शेवटचं कोण?

'मी' म्हटलं की झालं. एकच अक्षर. जिभेवर आलंय. फडकं तोंडात कोंबलं. चार दिवस मी फक्त हाच प्रश्न ऐकायला —

नाही.

पुन्हा विचारतेय. शेवटचं कोण, आई?

गप्प बसले तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. 'तर मग' — मीच शिकवलं —

फडकं काढलं. ओरडले, संपलं! सगळं संपलं! काही उरलं नाही, रांग मोडली, घरी जा!

फटीतून बघते.

सँडल मागे सरकल्या. एक पायरी उतरली. दुसरी. तिसरी. जा, माझ्या बाळा, जा. सातवी ओळ मोकळी आहे. कर्सर थांबलाय. थांबलाय! जा, पळ —

आई हसली.

आई म्हणतेय, हलू नकोस, लेयानिस. संपलं म्हणतात तेव्हाच थांबायचं असतं.

परत वर. एक. दोन. तीन.

आई म्हणतेय, विचार पुन्हा, मोठ्याने.

आई, नको. तुझ्या पाया पडते, ते कोंबड्यांचं होतं, हे तसं —

विचारलं तिने. मी दातांनी हात धरलाय. उत्तर देणार नाही. देणार नाही. लेयानिस, विसर, मी शिकवलेलं सगळं विसर, 'तर मग' म्हणू नको, सोन्या —

कडी आपोआप सरकली.

खालून पाववाल्याची हाक. रस्त्याचा वारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दार उघडं आहे. मला जाता येतंय.

नको. नको मला हे. सातव्या ओळीत पहिलं अक्षर —

ले